कपाट आजारी पडलं की

"बायपास कोणी उघडला?"

सबनीस मॅडमनी हे विचारलं तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. माझ्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांकडे बघत होत्या.

"कोणी नाही," मी म्हणालो. "किल्ली माझ्याकडेच असते."

"तेच म्हणतेय मी."

आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे होतो. समोर कपाट होतं. त्याला मोठं इंग्रजी नाव होतं, पण दिसायला ते गोदरेजच्या कपाटासारखं होतं म्हणून सगळे कपाटच म्हणायचे. दारावरच्या पडद्यावर व्होल्टेजचा आकडा सारखा खाली येत होता. मॅडमनी तो बघितला, खालचा ओठ चावला आणि कपाटाला जाणारा गोबरगॅस बंद केला. कोपऱ्यातल्या सिलिंडरचा कॉक उघडला. कपाट आजारी पडलं की त्याला दोनेक दिवस सिलिंडरमधला शुद्ध गॅस द्यायचा, असं ठरलेलं होतं.

"मग गोबरगॅस कुठे सोडू?" मी विचारलं. "टाकी फुगलीय."

"नेहमीसारखा. स्वयंपाकघरात."

मी स्वयंपाकघराकडचा व्हॉल्व्ह उघडला. भिंतीपलीकडून बायकांचा गलका ऐकू आला. त्यात अनसूचा आवाज होता. अनसू म्हणजे अनुसया, माझी बायको. ती तिथली मुख्य स्वयंपाकीण.

मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आज खूश दिसतात सगळ्या."

मी व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडला.

ही गोष्ट ओतूरच्या बाजूची. मुलींचं वसतिगृह आणि शाळा एकाच आवारात. संस्थापक माळकरी होते. ते गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे नियम अजून चालायचे. मी तिथला फिटर. पंप, नळ, दिवे आणि गोबरगॅस माझ्याकडे. आम्ही दोघं आवारातल्याच खोलीत राहायचो.

गोबरगॅस आधी स्वयंपाकघरासाठीच होता. त्या वर्षी आषाढी एकादशी होऊन गेल्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेने कपाट आणून ठेवलं. आत चिनीमातीच्या पातळ चकत्या, तापून लाल झालेल्या. एका बाजूने गॅस जातो, दुसऱ्या बाजूने हवा, आणि काही न जळता वीज तयार होते. सहा महिन्यांची चाचणी. ती पार पडली तर मोठं कपाट येणार, संस्थेची वीज कायमची सुटणार, आणि ते सांभाळायला प्रयोगशाळा मला नेमणार. तांबे सरांनी, म्हणजे संस्थेच्या सचिवांनी, तसा शब्द दिला होता.

तोवर गॅस कपाटाला, आणि स्वयंपाकघर पुन्हा चुलीवर.

मॅडम पस्तिशीच्या आत होत्या. आठवड्यातले तीनचार दिवस इथे असायच्या. कमरेला एक पिवळी डबी लावलेली. विषारी गॅस गळला की ती ओरडते, मग आधी पळायचं आणि नंतर विचार करायचा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती कधी ओरडलेली मी ऐकली नव्हती. अनसू म्हणायची, "मॅडमच्या कमरेला तान्हं पोर हाय, पण गुणाचं हाय. रडत नाय."

चार महिने कपाट असं चाललं की मॅडम मुलींना खाऊ वाटायच्या. तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा आजारी पडलं. सिलिंडरवर बरं झालं. गोबरगॅस दिला, काही दिवस चाललं, पुन्हा पडलं. आजची ही चौथी वेळ. दर वेळी मॅडम विचारायच्या, टाकीत वेगळं काय पडलं, आणि मी म्हणायचो, काही नाही.

"हे बघा निवृत्तीभाऊ," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गॅसच्या नळाला काचेची बारीक नळी लावली होती. गॅसमध्ये गंधकाचा अंश असला की ती आतून काळी पडते. नळी पांढरीच्या पांढरी होती. "गॅस स्वच्छ. तरी कपाटाची लक्षणं गंधकाचीच. याचा अर्थ काय होतो?"

"तुम्हीच सांगा."

"मी बघते तेव्हा गॅस फिल्टरमधून येतो. मी नसते तेव्हा फिल्टर चुकवून येतो. कोणीतरी बायपास उघडतं."

फिल्टर म्हणजे लोखंडाच्या गोळ्यांनी भरलेलं पिंप. शेणाच्या गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, तो गंधकाचा. तो या पिंपात अडकायचा.

"गंधकाने होतं काय एवढं?" मी विचारलं.

"आत निकेलचा थर असतो. गॅसचं काम तिथे चालतं. गंधक जाऊन त्या जागेवर बसतं. पंगतीत आपल्या पाटावर दुसराच येऊन बसावा तसं. मग गॅसला जागाच राहत नाही."

"आणि शुद्ध गॅस दिला की?"

"उठून जातं. थोडेच दिवस बसलं असेल तर." त्यांनी पडद्यावर बोट टेकलं. "फार दिवस बसलं तर मात्र उठत नाही. मग चकत्या गेल्याच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायपासच्या व्हॉल्व्हवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. माझ्या समोर केली. मी पुण्याला सहीचा नमुना पाठवून नवी पट्टी बनवून आणीन असं तर यांना वाटत नाही ना, असं माझ्या मनात आलं. फार राग आला. पण मी पट्टीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.

आठवड्याने कपाट पुन्हा आजारी पडलं. पट्टी जशीच्या तशी होती.

तांबे सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते खुर्चीत बसून पायात मोजे चढवत होते.

"निवृत्ती, मॅडमचं म्हणणं, आतलाच माणूस आहे."

"सर, पट्टी फाटलेली नाही."

"पट्टीचं मला काय सांगतोस? मला शोधून दे. नाही दिलास तर मला एकच नाव माहीत आहे, तुझं. आणि तू गेलास तर खोली जाईल. खोली गेली तर अनसूबाई कुठून स्वयंपाकाला येणार? ओतूरहून चालत?"

"मी कशाला बिघडवीन? मोठं कपाट आलं तर नोकरी मलाच आहे."

"तेच मॅडमना समजत नाही. म्हणून त्यांना जास्तच संशय येतो."

मी बाहेर आलो आणि मीही संशय घ्यायला लागलो.

पहिला बबन घोलप. रोज सकाळी बैलगाडीतून शेण आणायचा. त्याचा मेहुणा आयटीआय करून घरी बसला होता आणि माझ्या जागेवर त्याचा डोळा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बबन गाडी रिकामी करत होता तेव्हा मी जाऊन उभा राहिलो. शेणाखाली गोणपाट होतं, त्याखाली काहीतरी फुगीर.

"त्यात काय रं?"

"कशात?"

"गोणपाटाखाली."

"पेंड हाय म्हशीची." त्याने फावडं थांबवलं नाही. "काय झालं निवृत्तीभाऊ? आता शेणाचीबी झडती का?"

"तू शेणात काही मिसळतोस का?"

"मी कशाला मिसळू? म्हस मिसळती. तिला विचारा, बांधलीय घरी."

"मस्करी करू नको."

"मस्करी तुम्हीच लावलीय राव. शेणाला कोण नाव ठेवतं का?"

तेवढ्यात अनसू कळशी घेऊन आली. बबन काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटलं. अनसूने मला बघितलं आणि ती हौदाकडे न जाता परत फिरली. हौद तर समोर होता आणि कळशी रिकामी होती.

त्या दिवसापासून मी दोघांवर नजर ठेवायला लागलो. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. तिच्याबद्दल असं काही मनात आणायची मला कधी वेळ आली नव्हती. शंका आणली की लाज वाटायची, आणि नाही आणली तरी ती मनात बसून राहायची.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापून घरी आली की हाताला कांद्याचा वास यायचा. आता स्वयंपाकिणीच्या हाताला कांद्याचा वास यात काय नवल? पण हा चिरलेल्या कांद्याचा नव्हता. सडलेल्या कांद्याचा होता.

"हाताला वास कसला येतो?" मी विचारलं.

"कामाचा."

"दुपारी कुठे असतेस? तुमच्यातली ती भांडीवाली सखू सांगत होती, जेवणं उरकली की तू दिसत नाहीस."

"सखूला दुसरं काय काम नाय? पडते जरा आडवी."

"कुठे?"

तिने वर बघितलं. डोळे लाल होते. तिचे डोळे त्या दिवसांत लालच असायचे, मला वाटायचं झोप होत नसेल.

"तुम्ही मॅडमसारखं बोलायला लागलात," ती म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

त्याच आठवड्यात मॅडमनी गोबरगॅस एका चकचकीत पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बंद केलं आणि गाडीतून स्वतः पुण्याला घेऊन गेल्या.

"तिकडच्या यंत्रात कळेल," त्या जाताना म्हणाल्या. "आपल्या नळीला एकाच प्रकारचं गंधक कळतं. दुसरं काही असेल तर त्यात दिसेल. मग ते कुठून आलं तेही कळेल."

"आणि कोणी आणला ते?"

"तेही." या वेळी त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मॅडम नव्हत्या, त्या दुपारी मी पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. तिथल्या जाळीतून शेण कालवायची टाकी समोर दिसते. मुलींची जेवणं झाली होती. भांडी घासल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

अनसू आली. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं. तिने इकडेतिकडे बघितलं, पाटी टाकीच्या काठावर टेकवली आणि पालथी केली. काळे पडलेले, पाणी सुटलेले कांदे धपाधप शेणात पडले. तिने काठीने ते खाली दाबले. हे सगळं तिने भाजी ढवळावी इतक्या सहज केलं.

मला वाटलं आता बबन येईल. मी जाळीला नाक लावून बसलो.

बबन आला नाही. अनसू टाकीमागे गेली, जिथून कोणाला दिसत नाही, पण मला दिसत होतं. तिने भिंतीला एक हात लावला, पदराचा बोळा केला, तोंडावर दाबला आणि ती खोकायला लागली. एवढ्या मोठ्या खोकल्याला आवाज येऊ नये म्हणून तिचं सगळं अंग धडपडत होतं. खाली बसली. पुन्हा उठली. कितीतरी वेळ हे चाललं होतं. मग तिने तोंड पुसलं, पदर नीट केला आणि चेहरा असा केला की जणू आत्ता झोपून उठलीय.

मी बाहेर आलो.

ती दचकली नाही. "बघितलंत," एवढंच म्हणाली.

"कधीपासून चाललंय?"

"काय? कांदा का खोकला?"

मला काय विचारायचं होतं तेच मी विसरलो.

"बसा," ती म्हणाली. आम्ही टाकीच्या कडेला बसलो. "चातुर्मास संपला, त्या रविवारी मुलींना कांदाभजी केली. चार महिन्यांनी कांदा, पोरींनी दंगा केला नुसता. टोपलंभर टरफलं आणि नासका कांदा निघाला, तो टाकला टाकीत. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तुमचं कपाट पडलं. आणि आमच्याकडं गॅस आला."

"मग?"

"मग काय. दोन दिवस गॅसवर रांधलं. दोन दिवस मला झोप लागली. पुढल्या रविवारी परत तेच झालं. मग मी म्हटलं, याला कांदा बाधतोय. पण घरच्या टरफलानं कधी पडायचं, कधी नाय. म्हणून बबनला सांगितलं, तुझ्या कांद्याच्या चाळीतला सडका आणत जा, शेणाखाली घालून. त्याला वाटतं खताला पायजे."

"अनसू, माझी नोकरी जाईल. तुझी जाईल. कळतंय का?"

"कळतंय."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं की. दिवाळीच्या आधी. म्हटलं, धुरानं छाती भरून येते, धुराडं तरी बांधा. तुम्ही तांबे सरांना विचारून आलात. ते काय म्हणाले?"

मला आठवत होतं. पूर्वी गोबरगॅस आल्यावर चुली गेल्या, तेव्हा धुराडं पाडून भोक लिंपून टाकलं होतं. तांबे सर म्हणाले होते, सहा महिन्यांसाठी धुराडं कशाला बांधायचं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"सहा महिन्यांचाच प्रश्न आहे."

"हां." तिने पाटी उचलली. "आणि खोकला कोणाला सांगू नका. तांबे सरांनी गेल्या साली ठकूबाईला खोकते म्हणून काढली. पोरींच्या अन्नात खोकते म्हणाले. म्हणून मी इथं येते."

सबनीस मॅडम दोन दिवसांनी आल्या. गाडीतून उतरल्या त्याच हसत. शेडमध्ये तांबे सर होते, मी होतो, आणि बबनला निरोप पाठवून बोलावलं होतं. तो बाहेर बैलांपाशी उभा होता.

"सर, मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "आषाढात मी गॅस तपासला तेव्हा तुमच्या स्वयंपाकात कांदालसूण नव्हता का?"

"कसा असेल?" तांबे सर म्हणाले. "चातुर्मास. संस्थापकांचा नियमच आहे. एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदालसूण आवारात येत नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्या चार महिन्यांच्या गॅसवर अख्खा फिल्टर बसवला! कांद्याच्या गंधकाची जात वेगळी असते सर. लोखंडाच्या गोळ्या त्याला धरत नाहीत. आपल्या नळीलाही ते दिसत नाही. चूक माझी. माझ्या आजीने चाळीस वर्षं चातुर्मास पाळला, आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

"म्हणजे कोणी काही केलेलं नाही?" तांबे सरांनी विचारलं.

मला वाटलं, सुटलो.

मॅडमचं हसू गेलं. "टरफलांनी थोडं झालं असतं. पुण्याला जो आकडा आला तो टरफलांचा नाही. पोत्यांनी कांदा पडलाय टाकीत."

तांबे सरांनी बाहेर बबनकडे बघितलं. बबनने माझ्याकडे. त्याला तोंड उघडू द्यायचं नव्हतं मला.

"बबनच्या चाळीतला सडका कांदा होता," मी म्हणालो. "शेणाबरोबर येत होता. मी येऊ दिला. टाकीला चालतो म्हणून."

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "मी दर वेळी तुम्हाला विचारत होते, टाकीत वेगळं काय पडलं. तुम्ही दर वेळी नाही म्हणालात."

"हो."

"का?"

खोटं बोलायची मला सवय नाही, पुढचं खोटं पटकन सुचत नाही. तांबे सर म्हणाले, "झालं तर मग. निवृत्ती, सामान बांध."

भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं. दाबलेला, पदरातला. मग दाबणं सुटलं आणि मोकळा खोकला सुरू झाला, तो थांबेचना. भांडं पडल्याचा आवाज आला.

मॅडम वळल्या आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. मी मागे. त्यांनी दार ढकललं. आत तिन्ही चुली पेटलेल्या होत्या, वर आमटीची पातेली. धूर डोक्याएवढ्या उंचीवर अडकून राहिला होता आणि त्याखाली बायका वाकून काम करत होत्या. अनसू ओट्याला धरून उभी होती.

मॅडमनी आत दोनचार पावलं टाकली आणि त्यांच्या कमरेची डबी ओरडली.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. कानात सुई घातल्यासारखा. सखूच्या हातातून उलथनं पडलं. मॅडम ओरडल्या, "गळती! सगळ्या बाहेर! निवृत्तीभाऊ, मेन बंद करा!" मी शेडकडे धावलो, मेन बंद केला, परत आलो. बायका अंगणात उभ्या होत्या. मॅडम दारात होत्या. हात लांब करून त्यांनी डबी आत धरली, ती ओरडली. बाहेर आणली, थोड्या वेळाने गप्प झाली. पुन्हा आत धरली. पुन्हा ओरडली.

"मेन बंद केला?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. आणि गॅस इकडे नव्हताच मॅडम. कपाटाकडे होता."

त्यांनी डबी चुलीच्या दिशेने धरली. मग वर बघितलं, धुराडं होतं तिथल्या लिंपलेल्या भिंतीकडे. ती भिंत काळी झाली होती.

तांबे सर दारापर्यंत आले होते. "काय झालं? कपाट फुटलं की काय?"

"कपाटापाशी ही कधी ओरडली नाही," मॅडम म्हणाल्या. हळू बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

अनसू अंगणात दगडावर बसली होती. तिने तोंडावरचा पदर काढला.

"मॅडम, कांदा मी टाकला," ती म्हणाली. "यांना ठाऊक नव्हतं. परवा कळलं. त्या तुमच्या कपाटाला जरा वावगं लागलं तर तुम्ही पुण्याहून पळत येता. म्हटलं, त्याला लागू दे. त्याला लागलं की आम्हाला सुटका मिळते."

"बाई, मला येऊन सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही कधी आत आलात?"

मॅडम दारातच उभ्या होत्या. डबीवरचं बटण दाबून त्यांनी तिचा आवाज बंद केला. मग तांबे सरांकडे वळल्या.

"सर, फिल्टर माझा चुकला. पुण्याला मी तेवढंच सांगणार आहे. गॅस आजपासून स्वयंपाकघराला. उरेल तेवढा कपाटाला."

"अहो पण चाचणी? मोठं कपाट?"

"मी बघते."

"आणि ही बाई? ही तर उघड कबूल करतेय. वर खोकते!"

"या बाईंना तुम्ही काढलंत," मॅडम म्हणाल्या, "तर ही डबी का ओरडली ते मला पुण्याला सांगावं लागेल."

तांबे सर ऑफिसात निघून गेले. बबनने बैल जुंपले आणि जाता जाता माझ्याजवळ थांबला. "निवृत्तीभाऊ, मला खरंच खत वाटलं हां," म्हणाला.

मोठं कपाट आलं नाही. अर्ध्या गॅसवर चाचणी पुरी झाली नाही आणि ते दुसऱ्या कुठल्यातरी गावाला गेलं. आमची नोकरी राहिली. जाताना मॅडमनी ती पिवळी डबी स्वयंपाकघराच्या खुंटीला लावून दिली. ती पुन्हा कधी ओरडली नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच संध्याकाळी मॅडमनी कपाटाला सिलिंडरचा गॅस लावला होता आणि अनसू पहिल्यांदाच शेडमध्ये आली. इतके दिवस तिने ते जवळून बघितलंच नव्हतं. पडद्यावरचा आकडा हळूहळू वर येत होता.

"हे काय चढतंय?" तिने विचारलं.

"बरं होतंय ते," मी म्हणालो. "स्वच्छ गॅस मिळाला की गंधक उठून जातं. होतं तसं होतं."

"पार पहिल्यासारखं?"

"पहिल्यासारखं."

तिने कपाटाच्या दाराला हात लावून बघितलं, कोमट होतं. "बरं झालं बाई," म्हणाली. खरंच बरं वाटलं होतं तिला.

पुढे दहाएक वर्षांनी मी तिला नारायणगावला डॉक्टरकडे नेलं. तोवर तिला जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी तिच्या तोंडात एक नळी दिली आणि म्हणाले, जेवढा दम आहे तेवढा फुंका. तिने फुंकलं. समोरच्या पडद्यावर एक रेघ थोडीशी वर गेली आणि खाली आली. पुन्हा फुंकायला सांगितलं. पुन्हा तेवढीच.

"किती वर्षं चुलीवर?" डॉक्टरांनी विचारलं.

"लहानपणापासून," ती म्हणाली. "मधे गॅस होता. मग परत चूल. मग गॅस."

मी पडद्याकडे बघत होतो. "डॉक्टर," मी म्हणालो, "आता स्वच्छ हवेत ठेवलं तर हा आकडा वर येईल ना? हळूहळू?"

"आहे तेवढा टिकवू."

"पण स्वच्छ हवा मिळाली की चढतो. मी बघितलंय. होतं तसं होतं."

डॉक्टरांना कळेना. "कोणाचं बघितलंत?"

अनसूने नळी तोंडातून काढली. दम लागला होता तरी तिला हसू आलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ते कपाट होतं. त्याच्या आकड्याकडं रोज कोणीतरी बघत होतं."